फरशी पुसणाऱ्या यंत्राने स्वतःला कसे धुवावे? – रचनेविषयी चर्चा

यंत्रवेल (धागाकर्ता)

फरशी पुसणारी यंत्रे आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाहीत. मॉल, रेल्वेचे फलाट आणि मोठी रुग्णालये येथे माणूस मागून ढकलत नेतो ती स्क्रबर यंत्रे सर्रास दिसतात आणि शहरी घरांत चकतीच्या आकाराचे रोबो फिरू लागले आहेत. अशा यंत्रांच्या रचनेवर पुण्यात आमचा एक छोटा गट काम करतो. फरशी लख्ख करून परत आलेले यंत्र स्वतः मात्र बरबटलेले असते, ते कोणी आणि कसे स्वच्छ करायचे, यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालू आहे. तो येथे मांडतो, कारण या संस्थळावर यंत्र बनवणारे, वापरणारे आणि दुरुस्त करणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, यंत्र स्वतःला धुते तेव्हा घाण नाहीशी होत नाही, तिचा मुक्काम फक्त हलतो. फरशीवरून ती ब्रशवर किंवा पोच्यावर येते, तेथून नळीत, नळीतून मळक्या पाण्याच्या टाकीत, रोबो असेल तर पुढे डॉकमध्ये (म्हणजे रोबो काम संपवून परत येतो त्या तळावर) आणि शेवटी मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात जाते. प्रत्येक मुक्कामी ती स्वतःचा काही अंश मागे ठेवते. म्हणून रचनेची सुरुवात घाणीच्या वाटेपासून झाली पाहिजे आणि मोटर, बॅटरी, संवेदक यांची जागा त्यानंतर ठरली पाहिजे, असे मला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे घडते. मोटर आणि बॅटरी आधी बसवतात, उरलेल्या वेड्यावाकड्या पोकळीत टाकी कोंबतात आणि मग त्या टाकीच्या कोपऱ्यांत साचलेला गाळ बाहेर कसा काढायचा, याचा शोध सुरू होतो.

प्रश्न जुनाच आहे. ग्रँड रॅपिड्स येथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या मेलव्हिल बिसेल यांनी १८७६ मध्ये गालिचा झाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून फिरता ब्रश कचरा यंत्राच्या पोटात टाकतो आणि माणूस ते पोट रिकामे करतो. हे दुसरे काम यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्न केर्शर या जर्मन कंपनीच्या आरसी ३००० या रोबोने २००३ मध्येच केला होता; त्याचा डॉक रोबोतील धूळ स्वतः ओढून घेत असे. आयरोबोटने २०१८ मध्ये तीच कल्पना रुंबा या आपल्या रोबोच्या आय७ प्लस मॉडेलमध्ये आणली आणि २०१९-२० च्या सुमारास नारवालने मॉप धुणारा डॉक बाजारात आणला. त्यानंतर गरम पाणी, गरम हवा आणि फिरत्या रोलरला सतत खरवडणारी पट्टी अशी भर पडत गेली. कोरडी धूळ हलवणे त्यामानाने सोपे असते. खरी अडचण ओल्या घाणीची आहे, म्हणून चर्चा तिच्यावरच व्हावी, अशी विनंती आहे.

फडके_आणि_बादली

मी एका मोठ्या इमारत-संकुलात सफाई पर्यवेक्षक म्हणून काम करतो. रोबोबद्दल मला फार सांगता येणार नाही, पण मागून ढकलायच्या स्क्रबरबद्दल नक्की सांगतो.

या यंत्रात स्वच्छ पाण्याची एक आणि मळक्या पाण्याची एक, अशा दोन टाक्या असतात. ब्रश फरशी घासतो, मागची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी पाणी गोळा करते आणि व्हॅक्यूम मोटर ते नळीतून वर ओढते. पाळी संपली की मळकी टाकी रिकामी करून धुवावी, झाकण उघडे ठेवून ती वाळू द्यावी, स्क्वीजी काढून पुसावी आणि ब्रश उतरवून ठेवावा, असा नियम आहे. पण पाळी संपते तेव्हा माणूस थकलेला असतो, धुण्याची जागा बहुधा दूरच्या तळघरात असते आणि यंत्र वरून तर स्वच्छच दिसते. म्हणून पाणी सोडून दिले जाते, पण टाकी धुतली जात नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले की येणारा वास ज्याने घेतला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

गाळ नेमका कोठे बसतो, हे रचनाकारांनी एकदा हात घालून पाहावे. तो टाकीच्या मधोमध बसत नाही. पाणी सोडायच्या नळीचे तोंड टाकीच्या तळापासून बोटभर वर असते, तेवढ्या उंचीचा चिखल कायम आत राहतो. दुसरी जागा म्हणजे व्हॅक्यूमच्या तोंडाशी असलेला तरंगता गोळा. टाकी भरली की त्याने वर येऊन हवा बंद करायची असते. त्याच्या पिंजऱ्यात केस आणि धागे अडकतात, गोळा अर्ध्यावरच अडतो आणि मळके पाणी थेट मोटरमध्ये जाते. तिसरी जागा स्क्वीजीच्या मागच्या नळीचा वाक. तेथे पिनेपासून सुपारीच्या पुडीपर्यंत सगळे सापडते.

आम्हाला स्वयंचलित काही नको. झाकणातून कोपरापर्यंत हात आत जावा, तळाला उतार असावा, पाणी सोडण्याचे तोंड अगदी तळाशी असावे आणि नळी बिनस्क्रूची निघावी, एवढे झाले तरी निम्मे काम झाले. स्क्वीजीच्या रबराला चार कडा असतात आणि एक झिजली की उलटून दुसरी वापरता येते, हे चांगलेच आहे. पण ते उलटण्यासाठी अनेक यंत्रांत अवजार शोधावे लागते आणि मग ते काम उद्यावर जाते.

यंत्रवेल

फडके_आणि_बादली यांचे मनापासून आभार. टाकीच्या तळाबद्दल एक तांत्रिक भर घालतो. मोठ्या स्क्रबरच्या टाक्या बहुधा साच्यात पॉलिथिलीनची पूड घालून आणि साचा तापवत फिरवून बनवतात. या पद्धतीत कोपरे आपोआप गोलसर होतात, ही जमेची बाजू. मात्र टाकीची फक्त बाहेरची बाजू साच्याला टेकलेली असते. आतली बाजू मोकळी असते आणि तापमान कमी पडले तर ती सच्छिद्र, खरबरीत राहते. म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू गुळगुळीत आणि घाणीला भेटणारी बाजू खरबरीत. तेव्हा साचा किती वेळ तापवायचा, हे कारखान्यात ठरते तेव्हाच टाकी पुढे सहज धुतली जाणार की नाही, तेही ठरून जाते.

क्षारपड

मी पाण्याच्या रसायनशास्त्राचे काम करतो, म्हणून ‘मळके पाणी’ म्हणजे आपल्या घरांत नेमके काय असते, ते मांडतो. परदेशी यंत्रांच्या रचनेत गृहीत धरलेली घाण वेगळी आणि आपली वेगळी.

पहिली गोष्ट खोबरेल तेलाची. डोक्याला लावलेले तेल केसांबरोबर आणि तळपायांबरोबर फरशीवर येते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. हिवाळ्याच्या सकाळी संगमरवरावर किंवा शहाबादी फरशीवर ते मेणासारखे असते, त्यात धूळ रुतते आणि ते मिश्रण पोच्याच्या तंतूंमध्ये जाऊन बसते. गार पाण्याने तो पोचा कितीही घोळला तरी हे निघत नाही. पाणी ४० अंशांपर्यंत तापवले तर तेल वितळते, पण पाण्यात मिसळत नाही, ते पोच्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाते. म्हणून धुण्याच्या पाण्यात थोडा साबणी घटक असावाच लागतो. तो जास्त झाला की फेस होतो आणि फेस तरंगत्या गोळ्याला न जुमानता मोटरपर्यंत पोचतो. म्हणून कमी फेसाचे द्रावण आणि मोजून सोडणारा छोटा पंप, हे दोन्ही रचनेचेच भाग समजावेत.

दुसरी गोष्ट पाण्यातील क्षारांची. पुण्यात खडकवासल्याचे नळाचे पाणी मृदू आहे, पण उपनगरांतल्या कित्येक सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. हे पाणी तापवले की त्यातील बायकार्बोनेट फुटून कार्बोनेटचा पांढरा थर हीटरवर बसतो. गिझर वापरणाऱ्या प्रत्येकाला तो परिचित आहे. पोचा ६० अंशांच्या पाण्याने धुणारा डॉक म्हणजे दिवसातून अनेकदा चालू-बंद होणारा छोटा गिझरच. त्याच्या बारीक फवाऱ्यांची भोके तर हीटरच्याही आधी बुजतात. येथे सायट्रिक ॲसिडने अधूनमधून क्षार काढण्याची सोय हवी आणि ती वापरणाऱ्याला करता येईल अशी हवी.

त्याच्याशी निगडित एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. ज्या टाकीत कोणी ब्लीचिंगचे द्रावण घालत असेल, त्याच टाकीत आम्ल गेले तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींसाठी एकच झाकण देणारी रचना मी कागदावरच बाद करीन.

तिसरी गोष्ट फिनेलची. कंपनीने कितीही बजावले तरी आपल्याकडे लोक टाकीत पांढरे फिनेल घालणारच. त्यातील पाइन तेलाने एबीएस या कडक प्लास्टिकला कालांतराने बारीक तडे जातात. टाकी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिथिलीनची केली तर हा प्रश्न बराचसा सुटतो, मात्र काचेसारखी पारदर्शक टाकी मिळत नाही. मला विचाराल तर पारदर्शकतेचा मोह सोडावा आणि आतला गाळ दिसेल इतपत दुधी टाकी चालवून घ्यावी.

आंबेघाट

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. जुलैमध्ये आमच्याकडे दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तेथे बंद डॉकमधला पोचा कसा वाळेल? आपोआप मॉप धुणारे एक यंत्र माझ्या नात्यातल्या घरी आहे. ते पोचा इमानदारीने धुते, गरम हवाही सोडते, पण पावसाळ्यात त्याच्याजवळून कुबट वास येतोच. शिवाय आमची तांबडी माती. डॉकमधला संवेदक धुतलेल्या पाण्याचा गढूळपणा पाहून पुन्हा धुवायचे की नाही ते ठरवतो, असे पुस्तिकेत म्हटले आहे. जांभ्याची बारीक माती पोच्यातून थोडी थोडी सुटतच राहते, त्यामुळे यंत्र पुन्हा पुन्हा धुत बसते आणि स्वच्छ पाण्याची टाकी निम्मे घर होण्याआधीच संपते.

यंत्रवेल

आंबेघाट यांच्या दोन्ही मुद्द्यांवर आमच्याकडे थोडे गणित झाले आहे.

गरम हवेने पावसाळ्यात वाळवता येते. २८ अंश तापमानाची आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घेतली आणि तिच्यातील बाष्प तेवढेच ठेवून ती ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २७-२८ टक्क्यांवर उतरते. म्हणजे पोच्याला ती कोरडीच वाटते. पण डॉक चारही बाजूंनी बंद असेल तर तीच ओली झालेली हवा आत फिरत राहते आणि पंख्याचा उपयोग संपतो. बाहेर पडणाऱ्या हवेची वाट आत येणाऱ्या हवेच्या वाटेपासून दूर हवी. बऱ्याच डॉकमध्ये दोन्ही वाटा मागच्या बाजूला, भिंतीला टेकलेल्या असतात. घरातली माणसे डॉक कोपऱ्यात सरकवतात आणि मग तो स्वतःचाच ओला श्वास पुन्हा आत घेतो. तुमच्या नातेवाइकांच्या यंत्रात वासाचे कारण हे असू शकते, किंवा पोचा वाळत असूनही त्याखालच्या धुण्याच्या परातीत पाण्याचा थर उरत असेल, असेही असू शकते. ती परात उचलून पाहावी. पोचा धुतला जातो, पण पोचा जेथे धुतला जातो ती जागा कोणी धुवायची, हा प्रश्न बहुतेक यंत्रांनी माणसावरच सोडलेला आहे.

वाळवण्याचा खर्च फार नाही. पोच्यातील ५० मिलिलिटर पाणी उडवायला सुमारे १२० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या एका युनिटचा तिसावा भाग. प्रत्यक्षात वाया जाणारी उष्णता धरून त्याच्या कित्येक पट लागते. तरीही पाणी तापवून उडवण्यापेक्षा पिळून काढणे केव्हाही स्वस्त. म्हणून आमचा कल सपाट गोल पोच्यांपेक्षा आडव्या रोलरकडे आहे. रोलर फिरत असताना एक ताठ पट्टी त्याला दाबून पिळू शकते, गोल पोच्याला तसे पिळायला डॉकपर्यंत यावे लागते.

तांबड्या मातीबद्दल मात्र एवढेच म्हणेन की, केवळ गढूळपणावर निर्णय सोपवणे चूक आहे. पहिल्या आणि दुसऱ्या धुण्यात गढूळपणा किती कमी झाला, हे पाहावे. फरक नगण्य असेल तर पुढे धुण्यात अर्थ नाही. हळदीच्या डागाचेही तसेच. तो रंग आहे, घाण नव्हे. तो अल्कधर्मी साबणात लाल होतो आणि उन्हात फिका पडतो. यंत्राने त्याच्या मागे लागू नये.

नेकारकाठ

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो आणि व्यवसायाने यंत्र अभियंता आहे. केर्शरचे मुख्यालय असलेले विनेंडेन येथून जवळच आहे, त्यामुळे सफाईची यंत्रे हा येथे चहाच्या वेळचाही विषय असतो. रोलरच्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे, मात्र केसांचा विचार केल्याशिवाय रोलर निवडू नये.

केस रोलरला का गुंडाळतो, याचे उत्तर दोर आणि खांबाच्या जुन्या सूत्रात आहे: खांबाला पडणाऱ्या प्रत्येक वेढ्यागणिक दोराची पकड पटीपटीने वाढते. घर्षणगुणक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे साडेसहा पट होते आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून जास्त. म्हणजे पहिला वेढा पडण्याआधी केस सोडवला तर सुटतो, नंतर कात्रीच लागते. लांब केस असलेल्या भारतीय घरांत हा मुद्दा युरोपपेक्षा अधिक तीव्र आहे. त्यावरचे उपाय तीन प्रकारचे दिसतात. काही जण दात असलेली फणी रोलरला टेकवून ठेवतात, काही जण आतच कातरी बसवतात आणि काही जण रोलर शंकूच्या आकाराचा करतात, म्हणजे केस जाड टोकाकडून बारीक टोकाकडे सरकत जाऊन बाहेर पडतो. डायसनने केसांसाठीच्या छोट्या ब्रशमध्ये शंकूचा वापर केला आहे आणि कोरड्या केसांसाठी तो चांगला आहे. ओला, तेलकट केस मात्र सरकत नाही, चिकटतो. तेथे फणीच बरी, पण फणीत साचलेले केस काढायला ती बाहेर निघाली पाहिजे.

रोलरच्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. मधल्या भागावरचे केस निदान दिसतात. टोकाकडून बेअरिंगमध्ये शिरलेले केस दिसत नाहीत, घर्षणाने तापतात आणि प्लास्टिकची खोबण वितळवतात. टोकाला एक खोल, रिकामी खाच ठेवली आणि केस तेथेच साचू दिले तर बेअरिंग वाचते. ही रचना जवळजवळ फुकट आहे.

आणखी एक वेगळा विचार नोंदवतो. डायसनने २०२४ मध्ये आणलेल्या वॉशजी१ या ओल्या सफाईच्या यंत्रात व्हॅक्यूम नाहीच. एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन रोलर पाणी आणि घाण उचलतात आणि घन कचरा वेगळ्या तबकात व मळके पाणी वेगळ्या टाकीत जाते. ते यंत्र किती चांगले चालते, हा भाग सोडून देऊ; पण व्हॅक्यूम काढला की ओली नळी, तरंगता गोळा आणि दमट फिल्टर हे तिन्ही मुक्काम एकदम रद्द होतात. धागाकर्त्यांच्या भाषेत बोलायचे तर घाणीची वाट तोकडी होते. भाताची शिते पाण्यातून वेळीच वेगळी झाली की टाकी आंबण्याचा वेगही कमी होतो, कारण जंतूंना खाद्यच कमी मिळते.

स्वरूपा_ठाणेकर

सर्व प्रतिसाद वाचले. चर्चेत यंत्र आहे, पाणी आहे, केस आहेत, पण ज्यांच्या हातात हे काम येते त्या बाईंचा उल्लेख नाही.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी रोबोच्या टाक्या रिकाम्या करतात. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत आहे, सूचना मोबाइलवर माझ्याकडे येतात आणि मी त्या वेळी कार्यालयात असते. यंत्र अडून बसले तर ‘मळकी टाकी भरली’ असे इंग्रजीतून बोलते. मावशींनी त्यावर स्वतःची तोड काढली आहे: लाल दिवा लागला की त्या दोन्ही टाक्या ओततात. स्वच्छ पाणीही ओतले जाते, पण त्यांचे काही चुकत नाही. दोन टाक्या एकाच आकाराच्या, एकाच करड्या रंगाच्या आणि शेजारीशेजारी असतील तर दुसरे काय होणार?

रचनाकारांना माझे सांगणे इतकेच की, ज्या भागाला माणसाने हात लावायचा आहे तो प्रत्येक भाग एका ठळक रंगाचा असावा, तो एका हाताने निघावा, चुकीच्या जागी बसूच नये आणि यंत्राने मराठीत बोलावे. भरलेली टाकी वाकून खालून ओढावी लागू नये, वरून उचलता यावी. साडेतीन-चार लिटर घाण पाणी हिंदकळत मोरीपर्यंत न्यायचे असते. मूठ आणि घट्ट झाकण नसेल तर पुसलेली फरशी पुन्हा पुसावी लागते.

फडके_आणि_बादली

स्वरूपाताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत आहेत आणि ते चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या वाचता येत नाहीत. निळे म्हणजे स्वच्छ आणि लाल म्हणजे मळके, एवढे जरी सर्व कंपन्यांनी पाळले तरी पुष्कळ.

वॉर्ड_नंबर_सहा

मी रुग्णालयातील संसर्ग-नियंत्रण विभागात परिचारिका आहे. ‘गरम पाण्याने धुतो, म्हणून निर्जंतुक’ हा समज येथे रुजू नये, म्हणून लिहीत आहे. रुग्णालयातील कपडे आणि पोचे उष्णतेने निर्जंतुक करायचे तर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा दंडक किमान ७१ अंश तापमानाला २५ मिनिटे असा आहे. ब्रिटनच्या नियमांत ७१ अंशांना ३ मिनिटे किंवा ६५ अंशांना १० मिनिटे धरतात आणि गरम पाणी यंत्रातल्या सगळ्या कपड्यांत पोचायला लागणारा वेळ वेगळा. डॉकमध्ये ६० अंशांचे पाणी पोच्यावरून मिनिट-दोन मिनिटे वाहते. त्याने तेल निघते, वास कमी होतो, घरासाठी ते पुरेसे आहे. रुग्णालयासाठी नाही.

आमच्याकडे खोलीगणिक पोचा बदलतात आणि वापरलेला थेट धुलाईला जातो. त्यामुळे रुग्णालयासाठी स्वतःला धुणारे यंत्र करण्यापेक्षा एका झटक्यात पोचा सोडणारे आणि नवा घेणारे यंत्र करावे, असे मी सुचवीन. मळक्या टाकीबाबत एक दक्षता आणखी घ्यावी. व्हॅक्यूमची बाहेर पडणारी हवा त्या टाकीवरूनच येते आणि तिच्यात सूक्ष्म थेंब असू शकतात. तिचे तोंड रुग्णाच्या खाटेच्या उंचीला नसावे.

वास्तुरंग

डॉकच्या जागेबद्दल लिहितो, कारण यंत्राचे लोक घराचा नकाशा सहसा पाहत नाहीत. डॉक बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली ठेवलेला दाखवतात. आपल्या सदनिकांत त्याची खरी जागा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे. तेथे नळ आहे, विजेचा सॉकेट आहे आणि जमिनीत नहाणी ट्रॅप आहे. मळके पाणी तेथे आपोआप सोडले तर टाकी उचलण्याचा प्रश्नच मिटतो.

अडचणी दोन आहेत. ड्राय बाल्कनीच्या दाराला पाणी अडवण्यासाठी दगडी पट्टीचा उंबरा असतो आणि तो कित्येक घरांत साधारण २० मिलिमीटर चढणाऱ्या रोबोला झेपत नाही. दोन्ही बाजूंनी उतरती घडवलेली पट्टी बसवून घेणे हा त्यावरचा उपाय आहे आणि घर नवे असेल तर तो बिल्डरकडूनच करून घ्यावा. दुसरी अडचण म्हणजे डॉकमधून गाळ सोडल्यास ट्रॅपच्या पाणसापळ्यात, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी साठून राहते त्या भागात, तो बसतो आणि मग वास यंत्राला न येता घराला येतो. पाणी सोडण्याआधी डॉकमध्येच केस आणि कण अडवणारी चाळणी हवी, पंपाने पाणी थेंबथेंब न सोडता एकदम जोरात सोडावे आणि शेवटी थोडे स्वच्छ पाणी मागून सोडावे, म्हणजे सापळ्यात ताजे पाणी राहते.

चौकस

एवढी सगळी चर्चा वाचून एक बाळबोध शंका येते. गुडघ्यावर बसून पुसायचे नसेल तर लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची बादली काही शे रुपयांत येते आणि तिला क्षार, संवेदक, फणी यांपैकी काही लागत नाही. स्वतःला धुणाऱ्या यंत्रात दोन पंप, एक हीटर, एक पंखा आणि कितीतरी झडपा असतात. बिघडण्याच्या जागा वाढवून आपण नेमके काय मिळवले? वॉरंटी संपल्यावर पंप मिळत नाही आणि सगळा डॉक भंगारात जातो, हे माझ्याच घरी घडले आहे.

यंत्रवेल

चौकस यांची शंका बाळबोध अजिबात नाही. त्यावर आमच्या गटातही दोन तट आहेत आणि मी त्यांच्याच बाजूला निम्मा आहे. पंप, पंखा आणि हीटर हे झिजणारेच भाग आहेत. ते बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे घ्यावेत आणि डॉकची मागची बाजू चार साध्या स्क्रूंवर उघडावी, एवढे मी आमच्या आराखड्यात अटीसारखे लिहून ठेवले आहे. पण बादलीत एक दोष आहे. दुसऱ्या खोलीपासून पुढे आपण मळक्या पाण्यानेच पुसत असतो. सतत खरवडला जाणारा रोलर शेवटच्या खोलीतही जवळजवळ स्वच्छ पाण्यानेच पुसतो. यंत्राची किंमत वसूल होते ती येथे, आणि माझ्या मते केवळ येथेच.

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून आमची कामाची विभागणी अशी ठरते आहे: रोजचे खरवडणे, धुणे आणि वाळवणे यंत्राने करावे, आठवड्याला एकदा माणसाने फणी, परात, चाळणी आणि मळकी टाकी हे चार भाग बाहेर काढून नळाखाली धरावेत. चारही लाल रंगाचे, बिनअवजाराचे. मळक्या पाण्याला स्पर्श होणारा पाचवा भाग रचनेत असूच नये, यासाठी झगडा चालू आहे. व्हॅक्यूम ठेवायचा की नाही, हे नेकारकाठ यांच्या प्रतिसादानंतर पुन्हा खुले झाले आहे.

आता चाचणीविषयी मत हवे आहे. घरगुती सफाई यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत डोलोमाइट या दगडाची ठरावीक पूड वापरतात. आम्ही आपल्या घरांना साजेशी घाण ठरवत आहोत: रांगोळी, खोबरेल तेल, लांब केस, शिजलेला भात, सांडलेला दुधाचा चहा आणि तांबडी माती. प्रमाण काय असावे?

क्षारपड

रांगोळीचे प्रमाण वाढवा आणि ती वेगळी चाचणी करा. ती डोलोमाइटची किंवा संगमरवराची पूड असते, जड असते आणि टाकीच्या तळाशी सिमेंटसारखी बसते. खरवडणारी पट्टी आणि रोलर यांच्यामध्ये ती सापडली की पट्टीची धार जाते. दिवाळीच्या चार दिवसांत यंत्र जेवढे झिजते तेवढे एरवी महिन्यात झिजत नसेल, असा माझा अंदाज आहे. चहा मात्र दुधाचाच घ्या, कारण त्यातील साखर आणि प्रथिने यांच्यावरच तो बुळबुळीत थर वाढतो.

आंबेघाट

एक चाचणी माझ्याकडून. यंत्र धुण्याच्या मध्यावर असताना वीज घालवा आणि ती रात्रभर येऊ देऊ नका, कारण पावसाळ्यात आमच्याकडे असेच होते. वीज आल्यावर यंत्राने सरळ वाळवायला सुरुवात केली तर ओला, अर्धवट धुतलेला पोचा त्याच घाणीसकट भाजून निघेल. त्याने धुणे पहिल्यापासून करावे.

यंत्रवेल

ही चाचणी यादीत घेतली. सध्याच्या नमुन्यात वीज आल्यावर घड्याळ जेथे थांबले तेथून पुढे चालू होते, म्हणजे अर्धवट धुण्यावरच वाळवणे सुरू होईल. धुणे पूर्ण झाल्याची खूण स्मृतीत वेगळी साठवावी लागेल आणि ती नसेल तर आधी परातीतील पाणी उपसून मग नव्याने धुणे सुरू करावे लागेल. रांगोळीच्या चाचणीसाठी खरवडपट्टी पोलादी आणि पॉलियुरेथेनची (रबरासारख्या प्लास्टिकची) अशा दोन्ही प्रकारांत करून पाहतो. आकडे हाती आले की याच धाग्यावर देईन.